होनोलुलू ते मॉरिशस: ॲप म्हणतं साडेअठरा तास, तिकीट म्हणतं साडेसदतीस, खरं कोण?

साखळीचें_चेडूं

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे पण घरात दोन दिवस ह्यावरूनच वाद चाललाय म्हणून विचारते.

माझा दादा क्रूझवर आहे, हॉटेल साइडला. अलास्काचा सीझन संपला की त्याचं जहाज व्हँकुव्हरहून हवाई बेटांवरून ऑस्ट्रेलियाला जातं आणि ह्या वेळी त्याचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरात होनोलुलूलाच संपतंय. नेहमी तो तिथून सरळ घरी येतो. पण माझी मावसबहीण मॉरिशसला असते, सासर तिथल्याच मराठी घरातलं, तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस नेमका त्याच आठवड्यात शनिवारी आहे आणि आई-बाबा नि मी गोव्याच्या मोपा विमानतळाहून मुंबई, मुंबईहून मॉरिशस असे जाणार आहोत. दादा म्हणाला मी परस्पर तिथेच येतो.

मी अंतर काढणाऱ्या ॲपवर दोन्ही विमानतळ टाकले तर १६,३२० किमी आणि 'उड्डाणाचा वेळ १८ तास ३८ मिनिटं' असं आलं. मी आईला सांगून टाकलं की मंगळवारी दुपारी निघाला तर बुधवारी सकाळी पोचेल. आता तिकिटाच्या साइटवर बघते तर साडेसदतीस तास, दोन ठिकाणी विमान बदलायचं आणि पोचणार गुरुवारी संध्याकाळी! मंगळवार दुपार ते गुरुवार संध्याकाळ म्हणजे बोटांवर मोजले तरी एक्कावन्न-बावन्न तास होतात मग हे साडेसदतीस कुठून आले? ॲप खोटं, साइट खोटी की माझं गणित? बाबा म्हणतात तिन्ही.

फोंडेकार_७

ॲपनं नकाशावर दोन टाचण्या टोचून दोरी ताणलीय गो. त्या दोरीवरून विमान जातंय का नाही ते ॲपला काय ठाऊक. डिचोली ते पणजी पण ॲपवर जवळच दिसतं, सकाळच्या बसमध्ये उभं राहून बघ एकदा.

माशेलचो_विकी

नकाशा बघितला तर होनोलुलू अगदी डाव्या टोकाला आहे आणि मॉरिशस आफ्रिकेच्या उजवीकडे. म्हणजे अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका असंच जावं लागणार ना? लॉस एंजेलिस, पॅरिस, मॉरिशस असं तिकीट बघ ताई, पॅरिसहून मॉरिशसला थेट विमानं आहेत.

पेडण्याचे_मास्तर

विकीबाब, पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, ही चूक दरवर्षी एक तरी पोरगा करायचा त्यामुळे रागवत नाही :) भिंतीवरचा नकाशा पॅसिफिकच्या मध्यावर कापून सपाट केलेला असतो. म्हणून हवाई डाव्या कडेला पडतं आणि जपान उजव्या कडेला, प्रत्यक्षात ते समोरासमोर आहेत. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर सुतळी धरा, नसेल तर असोला नारळ घेऊ नका, तो गोल नसतो, पोरांचा फुटबॉल घ्या.

आता आकडे. होनोलुलू २१.३ अंश उत्तर, १५७.९ अंश पश्चिम. मॉरिशसचा विमानतळ २०.४ अंश दक्षिण, ५७.७ अंश पूर्व. पूर्वेकडून गेलं तर रेखांशात जवळपास २१६ अंशांचा फरक पडतो आणि पश्चिमेकडून गेलं तर १४४. साहजिकच पश्चिमेचा रस्ता जवळचा. गोलावर सुतळी ताणली की ती होनोलुलूहून जवळजवळ सरळ पश्चिमेला निघते, मायक्रोनेशियावरून येऊन इंडोनेशियात हल्माहेरा बेटाच्या आसपास विषुववृत्त ओलांडते, पुढे जावाच्या पश्चिम भागावरून हिंदी महासागरात उतरते आणि मग मॉरिशसपर्यंत नुसतं पाणी. भारत वाटेत लागत नाही, आफ्रिका तर नाहीच.

ही सुतळी भरते १४६.८ अंश. एका अंशाला साधारण १११.२ किमी, गुणून बघा, १६,३२० च्या आसपास येतात. म्हणजे ॲपचं अंतर बरोबर आहे, त्याला खोटं म्हणू नका. आणि हे अंतर किती मोठं आहे ते कळायला एवढंच बघा की पृथ्वीवर कुठल्याही दोन जागांमधलं जास्तीत जास्त अंतर साधारण २०,००० किमी, कारण त्याच्या पुढे गेलात की दुसऱ्या बाजूनं जवळ यायला लागता. होनोलुलूच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे, आफ्रिकेतलं बोट्स्वाना येतं. मॉरिशस त्याच्यापासून फार लांब नाही. तुमच्या दादाला म्हणजे जगाच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाला जायचंय.

(गोव्याच्या पायाखाली काय येतं हे प्रत्येक वर्गात विचारलं जायचं. पॅसिफिकचं पाणी येतं. पोरं निराश व्हायची.)

साखळीचें_चेडूं

मास्तर, धन्यवाद, फुटबॉल आणि आईची लोकर घेऊन आत्ताच करून बघितलं, खरंच जावावरून जातेय! पण मग १८ तास ३८ मिनिटं हे कुठून काढलं ॲपनं?

पेडण्याचे_मास्तर

अंतर भागिले ९००. मोठं जेट ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं असं धरायचं, १८ तास ८ मिनिटं येतात, त्यात चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं वाढवायची. झाले १८ तास ३८ मिनिटं. वारा नाही, थांबा नाही, असं विमान आहे की नाही तेही बघायचं नाही.

पणजीची_तिकीटवाली

आणि असं विमान नाहीच, तिथेच सगळं अडतं. मी वीस वर्षं तिकिटं काढतेय म्हणून सांगते. आज जगात सगळ्यात लांबचं नेहमी चालणारं विना-थांबा उड्डाण म्हणजे सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३४९ किमी. त्यालासुद्धा अठरा-एकोणीस तास लागतात, आणि त्यासाठी खास जास्त इंधनाची सोय केलेलं एअरबस ए३५० वापरतात ज्यात सीटा फक्त १६१, आणि इकॉनॉमी नाहीच. एवढ्या लांब जायचं तर इंधन इतकं भरावं लागतं की त्या इंधनाचं वजन उचलायलाच पुन्हा इंधन लागतं, मग माणसं कमी करावी लागतात. होनोलुलू-मॉरिशस त्याच्यापेक्षाही हजारभर किमी जास्त! आणि रोज त्या रूटला बसणार कोण, दोन्हीकडचे लोक समुद्र बघायला जातात, तो घरीच आहे दोघांच्या. सिडनी ते लंडन थेट नेण्याची तयारी ऑस्ट्रेलियाची कंपनी करतेय, ते १७,००० किमीच्या आसपास आहे, पण तिथे निदान गिऱ्हाईक आहे.

तर प्रत्यक्ष रस्ता कुठला. तुझं साडेसदतीस तासांचं तिकीट बहुतेक होनोलुलू-नारिता-दुबई-मॉरिशस असणार. होनोलुलू ते टोकियोचं नारिता साधारण ६,१४० किमी, नारिता ते दुबई आठ हजाराला थोडे कमी, दुबई ते मॉरिशस ५,०९० च्या आसपास. बेरीज एकोणीस हजारावर जाते, म्हणजे मास्तरांच्या सुतळीपेक्षा तीनेक हजार किमी जास्त, कारण आधी वर जपानपर्यंत चढायचं, मग दुबईपर्यंत यायचं आणि मग सरळ खाली उतरायचं.

विकीबाबच्या पॅरिसच्या रस्त्याची पण बेरीज करते, होनोलुलू-लॉस एंजेलिस ४,१०० पेक्षा थोडं जास्त, तिथून पॅरिस ९,१००, पॅरिस-मॉरिशस ९,४००. बावीस हजार सहाशेच्या पुढे. पृथ्वीला अर्धी प्रदक्षिणा २०,००० ची, हा माणूस त्याच्यापेक्षा जास्त फिरून पोचणार.

माशेलचो_विकी

बरें बाये, चुकलं. नकाशा फेकतो.

पणजीची_तिकीटवाली

आता तुझे एक्कावन्न-बावन्न तास. वेळा मी अंदाजे धरते, तुझ्या तिकिटावर पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे असतील. मंगळवार दुपारी १ ला होनोलुलू सोडलं, पावणेनऊ तास उडून टोकियोला बुधवार संध्याकाळ पावणेपाच. रात्री साडेदहाला दुबईचं विमान, अकरा तास, दुबईला गुरुवार पहाटे साडेचार. सकाळी १० ला मॉरिशसचं, साडेसहा तास, गुरुवार दुपारी साडेचारला खाली. हवेतले तास सव्वासव्वीस, बसून काढलेले सव्वाअकरा, झाले साडेसदतीस. घड्याळावर एक्कावन्न-बावन्न दिसतात कारण हवाईचं घड्याळ मॉरिशसच्या १४ तास मागे आहे. साडेएक्कावन्नातून १४ वजा कर.

आईला समजवायचं तर तिकडची घड्याळं सोडूनच दे. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे, मॉरिशस दीड तास मागे. म्हणजे तुमच्या साखळी गावातल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तो बुधवारी पहाटे साडेचारला निघतो आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला पोचतो. बास. फ्रीजवर एवढंच लिहून चिकटव.

दुबई आणि मॉरिशसचं घड्याळ एकच आहे, तेवढा एक टप्पा तरी डोक्याला ताप नाही.

फोंडेकार_७

होनोलुलू-टोकियो पावणेनऊ तास? ६,१४० ला ९०० नं भागलं तर सातच्या आत येतात.

बेतुलचो_तारवटी

वारो. जपानच्या बाजूला उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो. जपानकडे जाताना तो तोंडावर येतो आणि परत येताना पाठीवर, म्हणून त्याच रस्त्याला जाताना आठ-साडेआठ, पावणेनऊ आणि येताना सातच्या आसपास. हिवाळ्यात फरक आणखी वाढतो. ॲपला जाणं-येणं सारखंच.

मी स्वतः सव्वीस वर्षं बोटीवर काढली, आधी माल जहाजावर आणि शेवटची क्रूझवर, आता बेतुलला जाळी विणतो. मास्तरांचं गणित आमच्याकडे आणखी सोपं, एका अंशाचे ६० मिनिटं आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किमी. १४६.८ गुणिले ६०, आठ हजार आठशे आठ सागरी मैल. किमीत घाला, तेच येतं. वीस नॉटनं, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांनी, जहाज चाललं तर अठरा दिवस, आणि वाटेत तीच इंडोनेशियाची बेटं आडवी.

आता चेडवा तुझ्या दादासाठी कामाचं सांगतो. साइन ऑफचं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून जहाज सोडतानाचं, तिकीट कंपनी काढते ते घरच्या विमानतळाचं, म्हणजे गोवा किंवा मुंबई. दुसरीकडे जायचं असेल तर जहाजावरच्या क्रू ऑफिसला आधी लेखी विचारायचं, जेवढं लवकर तेवढं बरं, आणि वरचा फरक कोण भरणार तेही लेखी घ्यायचं. बोटीवाल्यांना जे मरीन फेअर मिळतं ना, सामान जास्त नेता येतं, तारीख बदलता येते, ते जहाजावर चढताना नाहीतर जहाज सोडून घरी जाताना मिळतं, वाढदिवसाला जाताना ते मिळेलच असं नाही. नऊ महिन्यांचं सामान, भाचीला घेतलेली खेळणी, दोन चॉकलेटच्या पिशव्या, हे सगळं साध्या तिकिटावर किती पैसे लावतात ते आधी बघ.

दुसरं, सगळे टप्पे एकाच बुकिंगवर पाहिजेत. स्वस्त पडतं म्हणून मी एकदा दोन वेगळी तिकिटं केली होती. पहिलं विमान चार तास लेट, दुसऱ्या कंपनीची काउंटरवरची बाई म्हणाली तुम्ही आलाच नाहीत म्हणून तिकीट गेलं. विमानतळाच्या खुर्चीवर दीड दिवस. सामान कुठे होतं ते देवाक खबर.

पणजीची_तिकीटवाली

तारवटीबाब शंभर टक्के बरोबर. आणि टोकियोला दोन विमानतळ, नारिता आणि हनेदा. हवाईहून दोन्हीकडे विमानं जातात. नारिताला उतरून हनेदाहून पुढचं विमान असेल तर शहर ओलांडायचं म्हणजे जपानमध्ये शिरायचं, म्हणजे भारतीय पासपोर्टला व्हिसा. एकाच विमानतळावर आतल्या आत बदललं तर प्रश्न नाही. गोव्यातही दोन विमानतळ, मोपाचं तिकीट काढून दाबोळीला जाऊन बसलेली माणसं मी दर महिन्याला बघते, तिथे निदान टॅक्सीवर निभावतं.

मॉरिशसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ ठेवा, विचारतात.

वाळपयचो_दिगू

एक शंका. दादा होनोलुलूलाच का उतरतोय? जहाज पुढे ऑस्ट्रेलियाला जातंच आहे तर सिडनीला उतरून पर्थमार्गे मॉरिशस नाही का जवळ? पर्थहून मॉरिशसला विमान आहे असं वाचलंय.

पणजीची_तिकीटवाली

आहे, पण रोज नसतं. आणि गंमत म्हणजे होनोलुलूहूनसुद्धा सिडनी-पर्थ-मॉरिशस हा रस्ता १७,३०० च्या आसपासच पडतो, दुबईपेक्षा पुष्कळ कमी. पण सिडनीला उतरून देशातल्या देशात पर्थला जायचं म्हणजे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, आणि पर्थचं विमान चुकलं तर पुढच्यासाठी दिवस मोजत बसायचं. किमी कमी म्हणजे तास कमी असं नसतं रे, मधे किती वेळ बसून राहायचं त्यावर सगळं ठरतं. टोकियो-दिल्ली-मुंबई करून तुमच्याबरोबर मुंबईहून मॉरिशसला आला तरी सगळं मिळून अठरा हजाराच्या आतच भरतं, म्हणजे घरी येऊन जाणं हे दुबईमार्गे जाण्यापेक्षा अंतरानं कमी! पण तीनदा विमान बदलायचं आणि तुमच्या मुंबईच्या विमानाची वेळ नेमकी जुळायला पाहिजे.

साखळीचें_चेडूं

सिडनीचं शक्य नाही, जहाज तिथे पोचेपर्यंत वाढदिवस होऊन जाईल. मुंबईचं आईला सांगितल्यावर ती लगेच 'तोच रस्ता बरा, घरी जेवून जाईल' म्हणाली, तिला मुंबई ते साखळी कसं जायचं ते विचारलं तर म्हणते तुम्ही बघा.

पण आता नवीनच प्रश्न निघालाय आणि हा आईचाच आहे. दादा मंगळवारचा उपास करतो, बोटीवर पण सोडत नाही. निघणार मंगळवारी दुपारी आणि टोकियोला उतरणार बुधवारी संध्याकाळी, मधे रात्र झालीच नाही. मग उपास सोडायचा कधी?

फोंडेकार_७

हाच खरा प्रश्न, बाकी सगळं टाइमपास होता.

बेतुलचो_तारवटी

हा हा. हे आमच्याकडे नेहमीचं. होनोलुलू सोडल्यावर अडीच-तीन तासांनी वार बदलण्याची रेषा लागते, १८० रेखांश. त्याच्या हातातलं हवाईचं घड्याळ मंगळवार दुपार चार दाखवेल आणि खिडकीबाहेर बुधवार दुपारचे दोन असतील. मंगळवार तिथेच संपला. त्याच्या हिशोबानं दुपारी चारलाच उपास सुटला, सूर्य अजून डोक्यावर.

जहाजावर तर अख्खा दिवस जातो. एका वर्षी माझा वाढदिवस ह्याच रस्त्यावर होता. रात्री झोपलो आदल्या तारखेला, सकाळी बोर्डावर नोटीस, आज दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. स्वयंपाकघरातल्या पोरांनी केक करून ठेवला होता, शेफ म्हणाला आज तुझा वाढदिवस नाही, काल होता, आणि काल नव्हताच. केक खाल्ला सगळ्यांनी. उलट बाजूनं आलं की एक दिवस दोनदा येतो, पण पगार महिन्याचाच.

पेडण्याचे_मास्तर

आईंना सांगा, उपास आपल्या गावच्या सूर्योदयानं धरावा. साखळीत मंगळवार उजाडला तेव्हा होनोलुलूत सोमवार दुपार होती. तिथून पुढे एक दिवस धरला की काम झालं. शास्त्राधार विचारू नका, भूगोलाचा माणूस आहे.

आणि जाताजाता एक, मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज ह्या तिन्ही बेटांना मिळून मास्करीन बेटं म्हणतात, ते नाव पेद्रो मास्कारेन्यस ह्या पोर्तुगीज दर्यावर्द्यावरून पडलं. हाच माणूस पुढे १५५४ मध्ये व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला आणि १५५५ मध्ये इथेच वारला. आपल्याकडे हे आडनाव दर चौथ्या चर्चच्या पाटीवर दिसतं. तेव्हा तुम्ही अगदीच परक्या गावी चाललेला नाहीत.

साखळीचें_चेडूं

अपडेट देते. दादाशी रात्री बोलणं झालं (त्याची पहाट). क्रू ऑफिसनं हो म्हटलंय, घरच्या तिकिटाएवढे पैसे कंपनी देणार, वरचे तो भरणार, ईमेलवर लिहून घेतलंय. नारिता-नारिता बघितलं, एकच बुकिंग आहे, सामान थेट मॉरिशसपर्यंत. गुरुवारी पोचतोय म्हणजे एखादं विमान चुकलं तरी शुक्रवार हातात आहे. आम्ही बुधवारीच पोचतो.

फ्रीजवर कागद लागलाय, 'बुधवार पहाटे ४.३० निघाला, गुरुवार संध्याकाळ ६ पोचला, साखळी टाइम'. बाबांनी खाली पेन्सिलनं लिहिलंय, 'ॲप: अंतर बरोबर, वेळ चूक'.

उपासाचं आईनं स्वतःच ठरवलं. म्हणाली विमानात फळं खाऊ दे, दुबईत उतरल्यावर काय ते खाऊ दे, आणि मला फोन कर म्हणावं. दुबईला पहाटेचे साडेचार म्हणजे आपल्याकडे सहा, ती तशीही उठलेलीच असते.

देव बरें करूं सगळ्यांना.

फोंडेकार_७

भाचीचं नाव काय ठेवलंय ते सांगितलंच नाहीस. आणि त्या चॉकलेटच्या पिशवीतली एक फोंड्याला पाठव, मधे थांबा नको.